विजेवरची छोटी मालमोटार : किंमत, बांधणी आणि पुनर्विक्री

शेतमाल पिकविण्यास जितके कष्ट पडतात, तितकीच काळजी तो वेळेवर बाजारात पोहोचविण्याची असते. पहाटे तोडलेला टोमॅटो दुपारपर्यंत आडत्याच्या गाळ्यावर गेला नाही, तर भावात मार बसतो. यासाठी पुष्कळ गावांतून आज स्वतःची अगर भागीतली छोटी मालमोटार घेण्याकडे शेतकऱ्यांचा कल आहे. २००५ साली बाजारात आलेली व ‘छोटा हत्ती’ या नावाने घरोघरी ओळखली जाणारी टाटा एस ही गाडी सर्वांच्या परिचयाची आहे. आता याच वर्गातील विजेवर चालणाऱ्या गाड्या विक्रीस आल्या आहेत. ‘इंधनाचा खर्च जवळजवळ नाही’ असे विक्रेता सांगतो, आणि ते ऐकून शेतकरी कर्जाच्या कागदावर सही करण्यास तयार होतो. ही गाडी चांगली की वाईट, असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. आपल्या फेऱ्यांना ती परवडते काय, आणि पुढे विकावयाची वेळ आली तर हाती काय उरेल, हे दोन प्रश्न आधी सोडवावेत. त्यांची उत्तरे कशी काढावीत, हे या लेखात सांगितले आहे.

किमती व प्रकार

टाटा एस ई.व्ही. ही गाडी मे २०२२ मध्ये जाहीर झाली व जानेवारी २०२३ पासून ग्राहकांना मिळू लागली. त्या वेळी तिची विक्रीगृहातील किंमत ९.९९ लाख रुपये होती. तिच्यात २१.३ युनिट वीज साठविणारी बॅटरी असून भारवहनक्षमता ६०० किलोची आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये महिंद्राची ‘झिओ’ ही गाडी ७.५२ लाख रुपयांपासून विक्रीस आली. ती उघड्या हौद्याची व बंद पेटीची अशा दोन्ही बांधणींत मिळते. जून २०२५ मध्ये टाटांनी ‘एस प्रो’ ही आणखी लहान गाडी काढली. एकच गाडी तीन इंधनांवर मिळत असल्यामुळे तुलनेसाठी ती विशेष सोयीची आहे. आरंभीच्या किमती अशा होत्या : पेट्रोलवरील ३.९९ लाख, पेट्रोल व सी.एन.जी. या दोहोंवरील ४.९९ लाख, आणि विजेवरील ६.५० लाख रुपये. विजेवरील गाडीची बॅटरी १४.४ युनिटांची, भारवहनक्षमता ७५० किलो आणि एका भरणीत जाण्याचे प्रमाणित अंतर १५५ किलोमीटर आहे.

यात एक फेरफार ध्यानात घ्यावा. विजेवरील वाहनांवर वस्तू व सेवा कर २०१९ पासून ५ टक्के आहे. पेट्रोल व डिझेलवरील मालवाहनांचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ही सवलत पूर्णपणे ग्राहकास मिळाली, तर ३.९९ लाखांची गाडी सुमारे ३.६८ लाखांस पडते. म्हणजे विजेच्या व पेट्रोलच्या गाडीतील अंतर २.५१ लाखांवरून सुमारे २.८२ लाखांवर गेले. जुन्या जाहिरातीवरून हिशेब करू नये. आजचा भाव विक्रेत्याकडून लेखी घ्यावा, आणि विमा, नोंदणी व हौद्याचा खर्च त्यात वेगळा दाखविण्यास सांगावे.

अनुदानाविषयीही गैरसमज आढळतात. केंद्र शासनाच्या २०२४ च्या पी. एम. ई-ड्राइव्ह योजनेतील मालमोटारींचे अनुदान ३.५ टनांहून अधिक स्थूल वजनाच्या गाड्यांसाठी आहे. येथे वर्णिलेल्या छोट्या गाड्या त्यात बसत नाहीत. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात राज्यात नोंदल्या जाणाऱ्या विद्युत वाहनांना मोटार वाहन करातून सूट आहे. कोणतीही सवलत किमतीतून वजा करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. विजेवरील मालवाहनांना वाहतूक परवाना घेण्यापासून केंद्र शासनाने २०१८ सालीच सूट दिली आहे. अशा गाडीची पाटी हिरवी असून तीवर पिवळी अक्षरे असतात.

आपल्या मालास कोणती बांधणी योग्य?

गाडी निवडताना प्रथम मालाचे वजन व आकार पाहावा. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात जाणारे क्रेट २० किलोचे धरले, तर ७५० किलोंत ३७ क्रेट बसतात. परंतु हौद्यावर लोखंडी सांगाडा, ताडपत्रीच्या कमानी अगर जाळी चढविली, की तिचे वजन याच ७५० किलोंतून वजा होते. शंभर किलोंचा सांगाडा म्हणजे पाच क्रेट कमी. पालेभाजी व फुले हलकी पण जागा व्यापणारी असतात, त्यांना उंच कडांचा हौदा उपयोगी पडतो. दुधाच्या किटल्या व क्रेट चढविण्या-उतरविण्यास बाजूचे फाळके उघडणारा हौदा बरा. अंडी, औषधे, किराणा यांस बंद पेटी चांगली, मात्र तीतून ऊस, कडबा अगर खताची पोती नेणे अडचणीचे होते.

हौद्यात मोठा बदल करावयाचा असल्यास परिवहन कार्यालयाची मान्यता आवश्यक असते. गावच्या कारखान्यात परस्पर वेल्डिंग करून घेऊ नये. बॅटरी व तिच्या तारा गाडीच्या तळाशी असतात. त्यांस इजा झाली तर कंपनी हमी नाकारू शकते.

दुसरी पाहावयाची गोष्ट म्हणजे अंतर. प्रमाणित १५५ किलोमीटर हे ठरावीक चाचणीतील अंतर होय. भरलेली गाडी, चढाचा रस्ता, खड्डे व उन्हाळा यांमुळे प्रत्यक्षात ते कमी भरते. नियोजनासाठी शंभर किलोमीटर धरणे सुरक्षित ठरेल. जुन्नर तालुक्यातील गावांतून नारायणगावी दोन फेऱ्या करणाऱ्यास हे पुरेसे आहे. तेथून वाशीच्या बाजारास माल नेणे हे या गाडीचे काम नव्हे, कारण ते अंतर एका बाजूनेच दीडशे किलोमीटरांहून अधिक आहे.

खर्चाचा ताळा

आता ठोकळ हिशेब मांडू. शंभर किलोमीटरांस १४.४ युनिट बॅटरीतून खर्च होतात. भरताना काही वीज वाया जाते, ती धरून मीटरवर सुमारे १६.५ युनिट पडतील. युनिटचा दर ९ रुपये मानल्यास किलोमीटरला दीड रुपया खर्च येतो. पेट्रोलची गाडी लिटरला १८ किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०४ रुपये आहे असे मानल्यास किलोमीटरला सुमारे ५ रुपये ७५ पैसे पडतात. बचत किलोमीटरमागे सव्वाचार रुपये. या बचतीतून २.८२ लाखांचे जादा भांडवल फिटण्यास सुमारे ६६,००० किलोमीटर धावावे लागते.

हे किलोमीटर किती वर्षांत होतात, यावर सारे अवलंबून आहे. वर्षातून ३०० दिवस रोज ८० किलोमीटर धावणारी गाडी २४,००० किलोमीटर पुरे करते. तिची वार्षिक बचत सुमारे १ लाख २ हजार रुपये होते व जादा भांडवल पावणेतीन वर्षांत वसूल होते. याउलट वर्षातून २५० दिवस रोज ४० किलोमीटर चालणारी गाडी १०,००० किलोमीटरच करते. तिची बचत ४२,५०० रुपये. जादा २.८२ लाख रुपये दहा टक्के व्याजाने काढले असतील, तर पहिल्या वर्षी त्यांवरील व्याजच सुमारे २८,००० रुपये होते, म्हणजे दोन-तृतीयांश बचत व्याजातच जाते. सारांश, विजेवरची गाडी उभी राहिली तर महाग, धावती राहिली तर स्वस्त. हंगामापुरती गाडी लागणाऱ्या एकट्या शेतकऱ्याने ती घेण्याची घाई करू नये. सकाळी दूध, दुपारी भाजीपाला व परतीच्या फेरीस खते-बियाणे अशी कामे जोडता येत असतील, अगर शेतकरी गट ती मिळून वापरणार असेल, तरच हिशेब जमतो. वर दिलेले दर उदाहरणापुरते आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचा वीजदर व आपल्या फेऱ्या घालून हाच ताळा स्वतः करावा.

गाडी भरण्याची जागाही आधी ठरवावी. अडीच किलोवॅटने भरल्यास १४.४ युनिटांची रिकामी बॅटरी भरण्यास सहा-सात तास लागतात. घरची जोडणी, तारा व अर्थिंग या भारास योग्य आहेत काय, हे अधिकृत तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे. शेतीपंपाच्या सवलतीच्या जोडणीवर गाडी भरू नये. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो व त्यावर दंडात्मक आकारणी होते.

पुनर्विक्रीचा विचार खरेदीच्या दिवशीच

जुन्या डिझेल गाडीचे इंजिन ऐकून गावचा मिस्त्री तिची किंमत सांगतो. बॅटरीची उरलेली शक्ती तशी कानाने कळत नाही. यास्तव खरेदीदार साशंक असतो व भाव पाडून मागतो. दुसरे कारण असे, की नव्या गाड्यांचे भाव उतरत आहेत. लिथियम बॅटरीसंचाची जागतिक सरासरी किंमत २०१० साली दर युनिट-क्षमतेस हजार डॉलरांहून अधिक होती, ती २०२४ मध्ये सुमारे ११५ डॉलरांवर आली. २०२३ साली ज्याने ९.९९ लाखांची गाडी घेतली, त्याने अडीच वर्षांत ७५० किलोंची नवी गाडी ६.५० लाखांत विक्रीस आलेली पाहिली. दोन्ही गाड्यांची बांधणी वेगळी आहे हे खरे, परंतु जुनी गाडी घेणारा आपली तुलना नव्या भावाशीच करणार.

जुन्या गाडीच्या भावाचा मुख्य आधार म्हणजे बॅटरीची शिल्लक हमी. झिओच्या बॅटरीस ७ वर्षे अगर दीड लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत हमी आहे. वर्षाला २४,००० किलोमीटर चालणारी गाडी पाच वर्षांत १,२०,००० किलोमीटर करते. तिची हमी पुढे ३०,००० किलोमीटरच, म्हणजे त्याच वेगाने सव्वा वर्ष, उरते. हमी संपल्यावर विकावयास गेल्यास भाव एकदम खाली येतो. सबब पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. कर्जाची मुदत बॅटरीच्या हमीहून कमी असावी. हमी संपली आणि हप्ते चालूच, अशी पाळी येऊ देऊ नये. हा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे.

२. हमी दुसऱ्या मालकाकडे जाते काय व बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास ती लागू होते, हे करारपत्रात वाचून घ्यावे.

३. दुरुस्तीच्या पावत्या जपाव्यात. विक्रीपूर्वी अधिकृत केंद्रातून बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा लेखी अहवाल घ्यावा. जुनी गाडी घेणाऱ्यानेही तो मागावा, आणि पूर्ण भरलेली गाडी माल घालून चालवून पाहावी.

४. हंगामाबाहेर गाडी रिकाम्या बॅटरीने उन्हात उभी ठेवू नये. सावलीत ठेवावी व भरणीविषयी कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे वागावे.

५. विक्रीच्या वेळी नमुना २९ व ३० भरून मालकी बदलून घ्यावी. कर्ज फिटले असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ देऊन बोजा उतरवावा. विमाही चौदा दिवसांत नव्या मालकाच्या नावे करण्यासाठी अर्ज व्हावा. नाव न बदलता गाडी दिल्यास पुढील अपघाताचा त्रास जुन्या मालकास होऊ शकतो.

६. जमाखर्च मांडताना पुनर्विक्रीची रक्कम अगदी थोडी धरावी. तेवढ्यावरही गाडी परवडत असेल, तरच ती घ्यावी.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या गाडीचा प्रचारही करू नये व तिच्याविषयी भीतीही घालू नये. शेतकऱ्याजवळ बसून मागील वर्षाच्या फेऱ्या, अंतर, माल व भाडे यांची यादी करून द्यावी आणि वरील ताळा कागदावर मांडून दाखवावा. शक्य तर खरेदीपूर्वी आठवडाभर अशी गाडी भाड्याने घेऊन आपल्याच रस्त्यावर, आपलाच माल भरून चालवून पाहण्यास सांगावे. वाहन हे शेतीचे साधन आहे. त्याचा हप्ता त्याच्या भाड्यातून व वाचलेल्या इंधनातून फिटला पाहिजे, तो फेडण्यासाठी शेतीचा तुकडा विकण्याची वेळ येता कामा नये. एवढे पाहून घेतलेली गाडी शेतकऱ्याच्या घरी अनेक वर्षे उपयोगी पडेल.