सकाळची शुगर १४०, मग तीन महिन्यांचा रिपोर्ट ९.१ कसा?

मागच्या एप्रिलमध्ये अकोल्याहून आईने व्हॉट्सअ‍ॅपवर बाबांच्या लॅब रिपोर्टचा फोटो पाठवला. एचबीए१सी ९.१. खाली एकच ओळ होती: "डॉक्टर म्हणतात, पुढच्या वेळी कमी नाही झालं तर इन्सुलिन."

मी बाबांना फोन लावला. ते वैतागलेलेच होते. "अरे मी त चहाही बिनसाखरेचा पेतो. रोज सकाळी मशीनवर पाहतो, १४०, १३५, १४२. मंग हे ९ कुठून आलं? लॅबवाल्याचं चुकलं असन."

बाबांची डायरी माझ्याकडे होती. मीच त्यांना ग्लुकोमीटरचं अ‍ॅप टाकून दिलं होतं. दोन महिन्यांची जवळजवळ सगळी रीडिंग १३० ते १५० च्या मधली. दोन आकड्यांपैकी एक खोटा आहे असं मलाही वाटलं. कोडमध्ये बग शोधताना आपण पहिलं हेच विचारतो ना, की दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट मोजली जातेय का? इथे ती मोजलीच जात नव्हती.

एचबीए१सी म्हणजे काय मोजतात?

रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते आणि पेशी असेपर्यंत चिकटलेलीच राहते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे हे मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब कळतो. टेस्टच्या आदल्या दिवशी उपाशी राहून हा आकडा फसवता येत नाही.

या टक्क्यावरून सरासरी शुगर काढायचं एक सूत्र आहे: एचबीए१सीला २८.७ ने गुणा आणि त्यातून ४६.७ वजा करा. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर ९.१ टाकून बघा. २१४ येतात. म्हणजे दिवसरात्र धरून बाबांची सरासरी २१४ होती आणि मशीन रोज सकाळी १४० दाखवत होतं. बाबा मोजत होते फक्त सकाळी उपाशीपोटी. दिवसातल्या २४ तासांपैकी बहुधा सगळ्यात चांगल्या मिनिटाचा फोटो ते रोज काढत होते.

लॅबचा आकडाही नेहमी खरा असतो असं नाही, आणि आपल्या भागात हे माहीत असलेलं बरं. सिकलसेल असेल तर लाल पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि एचबीए१सी खोटा कमी येतो. मेळघाटात आणि एकूणच विदर्भात सिकलसेलचे पेशंट आहेत. उलट लोह कमी असल्यामुळे अ‍ॅनिमिया असेल तर तो खोटा जास्त येऊ शकतो. घरात असं काही असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. बाबांचं हिमोग्लोबिन ठीक होतं, म्हणून ९.१ वर विश्वास ठेवावा लागला.

मशीनच्या आत काय चालतं

मे महिन्यात घरी गेलो तेव्हा पहिलं काम मशीन तपासायचं. ग्लुकोमीटर मला नेहमीच भारी वाटतं. स्ट्रिपवर एक एन्झाइम सुकवून लावलेलं असतं. रक्ताचा थेंब लागला की ते साखरेशी रिअ‍ॅक्शन करतं, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि मशीन तो बारीकसा करंट मोजतं. जास्त साखर, जास्त करंट. या एन्झाइमवाल्या इलेक्ट्रोडची कल्पना १९६२ मध्ये लिलँड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडली. म्हणजे खरा सेन्सर स्ट्रिप आहे, मशीन फक्त मीटर.

आणि आमच्या घरी स्ट्रिपची डबी कुठे? खिडकीत, देव्हाऱ्याशेजारी. मे महिन्यातलं अकोला! डबीवर लिहिलं होतं की ३० डिग्रीच्या वर ठेवू नका, बाहेर होतं ४४. एन्झाइम म्हणजे प्रोटीन, उष्णतेने आणि दमटपणाने ते खराब होतं. मी मेडिकलमधून नवीन डबी आणली. त्याच सकाळी, त्याच बोटाचं रक्त: जुन्या स्ट्रिपवर १३८, नव्या स्ट्रिपवर १७१.

चांगल्या स्ट्रिपचा आकडाही अगदी तंतोतंत नसतो. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की १०० च्या वरची शुगर असेल तर ९५ टक्के रीडिंग लॅबच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत आली पाहिजेत. म्हणजे खरी शुगर २०० असेल तर १७० ते २३० काहीही आलं तरी मशीन पास. त्यामुळे १४८ चे १५५ झाले म्हणून घाबरू नका आणि १४२ झाले म्हणून पेढाही खाऊ नका. एक अजून: आंबा चोखून, हात न धुता बोट टोचलं तर बोटावरचा रसही थेंबात येतो आणि आकडा पार आकाशात जातो. आधी साबणाने हात धुवून पुसायचे.

पण १७१ धरले तरी २१४ होत नव्हते. बाकीचा हिशोब दिवसात कुठेतरी लपला होता.

चौदा दिवसांचा सेन्सर

डॉक्टरांना विचारून आम्ही बाबांच्या दंडावर सतत मोजणारा सेन्सर लावला. नाण्याएवढी गोल चकती असते आणि तिच्याखाली केसासारखी बारीक तार कातडीत जाते. तत्त्व स्ट्रिपचंच, पण हा रक्तात मोजत नाही. पेशींच्या मधल्या पाण्यात मोजतो आणि ब्लूटूथने (जुन्या मॉडेलमध्ये एनएफसीने) आकडा फोनवर पाठवतो. रक्तातली साखर त्या पाण्यात उतरायला वेळ लागतो, म्हणून सेन्सर साधारण ५ ते १५ मिनिटं मागे असतो. जेवणानंतर मशीन आणि सेन्सरचा आकडा जुळला नाही तर भांडू नका, दोघंही बरोबर असू शकतात. त्या कुशीवर झोपलात तर दंड दाबला जाऊन रात्री खोटा लो अलार्मही वाजतो. आमच्याकडे पहिल्याच रात्री अडीचला सगळं घर उठलं, बोट टोचलं तर १६०.

किंमत चार-पाच हजारांच्या आसपास, ती कमी नाही. पण एकदाच चौदा दिवस लावून जे कळलं, ते दोन महिन्यांच्या डायरीतून कळलं नव्हतं.

ग्राफ असा होता. सकाळी १६५. नऊ वाजता आलूपोहे, साडेदहाला २८०. दुपारी जरा खाली. रात्री साडेनऊला जेवण आणि २५० चा डोंगर रात्री दोनपर्यंत उतरायचाच नाही. बाबा झोपेत असताना सगळ्यात जास्त वेळ शुगर वर होती आणि तेव्हा कोण मोजणार?

जेवणात तर मलाच धक्का बसला. दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली तेव्हापासून बाबांनी पोळी सोडून भाकर धरली होती, "ज्वारी शुगरवाल्यासाठी चांगली" म्हणून. चांगली आहेच, पण ज्वारीच्या पिठातही शंभर ग्रॅममागे सत्तरच्या आसपास कार्ब असतात, गव्हासारखेच. दोन पोळ्यांच्या जागी तीन मोठ्या भाकरी, वर वरण-भात, आणि वर समाधान. एकादशीला साबुदाण्याची उसळ (पुण्यातले माझे रूममेट तिला खिचडी म्हणतात). साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. त्या दिवशी ग्राफ ३०० ला टेकला, तोही उपासाच्या दिवशी.

गंमत म्हणजे मधल्या रविवारी आम्ही अमरावतीला मामाकडे गेलो आणि बाबांनी गुपचूप गिला वडा हाणला. ग्राफ पोह्यांपेक्षा कमी चढला! डाळ, दही आणि तेल यामुळे साखर हळू उतरते. हे काही गिल्या वड्याचं सर्टिफिकेट नाही, तळण ते तळणच. पण कोणता पदार्थ आपल्या शरीरात काय करतो हे गोड-तिखट चवीवरून कळत नाही, एवढं बाबांना पटलं.

मग बदल केले ते छोटे. एक भाकर कमी, पिठलं नाहीतर घट्ट वरण जास्त, आधी काकडी-कांदा आणि भाजी, मग भाकर. रात्रीचं जेवण साडेसातला. आणि जेवल्यावर वीस मिनिटं कॉलनीत चक्कर, कारण चालणारे स्नायू इन्सुलिनची फार वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. चालण्याचा परिणाम त्याच रात्री फोनवर दिसला. मी दहा वेळा सांगून जे झालं नव्हतं ते त्या एका उताराने झालं.

गोळीचं गुपित

ग्राफमध्ये एक कोडं उरलं होतं. काही रात्री फारच वाईट होत्या, जेवण तेच असूनही. आईने गोळ्यांची पाकिटं मोजली आणि चोरी पकडली गेली. बाबा रात्रीची मेटफॉर्मिन मधूनमधून घेतच नव्हते. "पोटात गुरगुर करते ना ते." त्यांनी हे डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे डॉक्टर गोळी कमी पडतेय असं समजून पुढचा विचार करत होते. इन्सुलिनपर्यंत गोष्ट गेली ती अशी.

मेटफॉर्मिन मुख्यतः लिव्हरला आवरते. आपण खात नसतो तेव्हाही लिव्हर रक्तात साखर सोडत असतं, पहाटे जरा जास्तच. म्हणून काही न खाता सकाळची शुगर वाढलेली दिसते. पोटाचा त्रास मात्र खरा असतो. डॉक्टरांनी हळूहळू विरघळणारी गोळी जेवणासोबत घ्यायला सांगितली आणि एम्पाग्लिफ्लोझिन जोडली. ही किडनीतून जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढते. मार्च २०२५ मध्ये भारतात तिचं पेटंट संपलं आणि बऱ्याच कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या, म्हणून आम्हाला परवडली. ही गोळी चालू असताना कडक उपास करू नका, पाणी कमी पिऊ नका. आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी राहून शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. डोस मात्र ग्राफ बघून आपला आपण बदलायचा नाही.

"पण मी तर बारीक आहे," हे बाबांचं शेवटचं अस्त्र. वजन ५८ किलो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये दोघांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही. बाबांनी तो फोटो फोनवर बराच वेळ झूम करून पाहिला.

घड्याळाचं काय?

या सगळ्यात माझ्या चुलत भावाने ऑनलाईन एक स्मार्टवॉच मागवलं, "न टोचता शुगर". मी ते टेबलावरच्या केळ्याला बांधलं. शुगर ११२ आली. केळं निरोगी! अशा घड्याळातला हिरवा लाईट नाडी मोजायला असतो, साखर त्याला दिसत नाही. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की कातडी न टोचता स्वतः शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. सेन्सरचा आकडा घड्याळावर दिसणं वेगळं, ते चालतं. कॅमेऱ्यावर बोट ठेवून शुगर सांगणारी अ‍ॅप तर लगेच काढून टाका, विशेषतः आईबाबांच्या फोनमधून.

एक चूक माझीही झाली. सेन्सरचं शेअरिंग मी माझ्या फोनवर घेतलं होतं. पुण्यात मीटिंगमध्ये बसून २४० दिसले की लगेच फोन, "बाबा, काय खाल्लं?" सहाव्या दिवशी ते म्हणाले, "तू मले कॅमेऱ्यात ठेवलं काय बे?" आणि शेअरिंग बंद. मला राग आला, पण डेटा त्यांच्या शरीराचा होता. नंतर असं ठरलं की फक्त ७० च्या खालचा अलार्म माझ्याकडे येईल, बाकी ते स्वतः बघतील.

त्या चौदा दिवसांच्या रिपोर्टमध्ये ७० ते १८० च्या मधला वेळ ३८ टक्के होता. बहुतेक लोकांसाठी तो ७० टक्क्यांच्या वर, म्हणजे दिवसातले साधारण १७ तास, असावा असं धरतात. ऑगस्टमध्ये एचबीए१सी ७.६ आला. सूत्रात टाकला तर सरासरी १७१. डॉक्टरांनी इन्सुलिनचा विषय सध्या बाजूला ठेवलाय. सातच्या खाली यायला अजून वेळ आहे. स्ट्रिपची डबी आता आतल्या खोलीत कपाटात असते आणि बाबा आठवड्यातून दोनदा जेवणानंतर दोन तासांनीही मोजतात.

सेन्सर परत एकदा लावून बघू, असं मी म्हणतोय. बाबा म्हणतात, दिवाळी झाल्यावर.