दरबानचे पत्र

दक्षिण आफ्रिका म्हटली की मराठी वाचकास गांधीजी आठवतात, आणि १९१४ साली त्यांनी तो देश सोडल्यावर तोही आपल्या नजरेआड होतो; पुढे येथील हिंदी माणसाचे काय झाले हे ज्यास जाणावयाचे असेल, त्याने दरबानच्या ग्रे स्ट्रीटवर १९२८ साली जन्मलेल्या फातिमा मीर या विदुषीचे चरित्र पाहावे.

१९५० च्या कायद्यान्वये येथे प्रत्येकाचा वंश सरकारदफ्तरी नोंदला जाई, आणि माणसाने राहावे कोठे, विवाह कोणाशी करावा, हे त्या एका नोंदीवर ठरे; वंशाविषयी संशय आल्यास केसांत पेन्सिल खोवून ती पडते की अडकते, हे पाहण्यापर्यंत अंमलदारांची मजल जाई. अशा राज्यात फातिमाबाई १९५६ साली गोऱ्यांच्या नाताळ विद्यापीठात समाजशास्त्राच्या अध्यापिका झाल्या, आणि आत्महत्येसारख्या अत्यंत खासगी कृत्यातही वर्णव्यवस्थेचा हात कसा असतो, याचा शोध त्यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात घेतला. माणसांची वर्गवारी करणाऱ्या हुकुमतीचीच अशी झाडाझडती घेणे मला त्यांच्या विद्वत्तेचे खरे वैशिष्ट्य वाटते.

त्यांच्या स्त्रीवादाचे मूळ मात्र १९४९ च्या जानेवारीत शोधावे. एका हिंदी दुकानदाराने आफ्रिकी मुलास मारल्याचे निमित्त होऊन दरबानमध्ये दंगल उसळली व १४२ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर बर्था म्किझे या आफ्रिकी कार्यकर्तीसह त्यांनी दोन्ही समाजांच्या स्त्रियांचा संघ उभारला, व केटो मॅनरच्या वस्तीत दूधवाटप आणि पाळणाघर चालविले. 

सरकारने १९५२ सालीच त्यांच्यावर मनाईहुकूम बजावला होता. १९७६ साली त्यांना खटल्यावाचून ११३ दिवस कैदेत ठेवले, तेव्हा त्यांनी कोठडीतील स्त्रियांची चित्रे काढली व ती चोरून बाहेर धाडली. सुटकेनंतर घरावर पेट्रोलबॉम्ब पडला.

स्वराज्य आल्यावर संसदेतील जागा त्यांनी नाकारली. १९९९ च्या सुमारास दरबानच्या चॅट्सवर्थ या वस्तीतील हिंदी मतदारांना गोऱ्यांच्या पक्षापासून परावृत्त करण्यास त्या गेल्या, तो भाडे थकल्यामुळे नगरपालिका गरिबांना बिऱ्हाडाबाहेर काढीत असल्याचे दिसले. तेव्हा ज्या सरकारसाठी त्यांनी तुरुंग सोसला होता, त्याच्याच अंमलदारांविरुद्ध सत्तरीतल्या फातिमाबाई भाडेकरूंच्या बाजूने उभ्या राहिल्या.