स्वीटमध्ये सूट नाही!

क्रूझवर गेलात, लॉटरी लागल्यासारखा स्वीटही मिळाला. पण दिमतीला असलेल्या बटलरला टीप किती द्यायची? आणि बिलात आधीच लागलेली ग्रॅच्युइटी काढून टाकायची का? आमच्या फजितीतून तुमच्यासाठी धडा.

आमच्या घरात टीप हे बाबांचं खातं. बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. हॉटेलात बिल आलं की आधी चष्मा वर करून टोटल तपासणार आणि मग बडीशेपेच्या वाटीखाली हळूच एक नोट सरकवणार. किती, ते आईलासुद्धा कळू देणार नाही. ‘टीप हा खुशीचा मामला आहे, त्याची चर्चा करायची नसते’ हा त्यांचा फंडा.

या फंड्याचे बारा वाजले ते सिंगापूरहून निघालेल्या एका जहाजावर.

मुंबईहून कॉर्डेलियाच्या फेऱ्या २०२१च्या सप्टेंबरात सुरू झाल्या, तेव्हापासून आमच्या ऑफिसात क्रूझचं खूळ जोरात आहे. आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती, म्हणून मीही जोर केला आणि चार रात्रींची सिंगापूर ट्रिप बुक केली. बजेट अर्थातच बिनखिडकीच्या केबिनचं. निघायच्या पंधरा दिवस आधी मेल आला, ‘अपग्रेडसाठी बोली लावा.’ मी आपली कमीत कमी बोली ठोकून दिली आणि विसरून गेले. चार दिवसांनी उत्तर आलं. चक्क स्वीट! बाबांनी मेल वाचला आणि म्हणाले, ‘सूट मिळाली ना? मग झालं तर.’ त्या शब्दाचा उच्चार स्वीट असा आहे आणि त्याचा डिस्काउंटशी काही संबंध नाही, हे त्यांना सांगून मी थकले.

हत्ती, आलं आणि आमचोच माणूस

स्वीटमध्ये पाऊल टाकलं आणि आम्ही तिघंही गप्प. बाल्कनी, सोफा, फुलं आणि दारात काळ्या कोटातला बटलर. ‘बॅगा उघडून कपडे लावून देऊ का?’ असं त्याने अदबीने विचारलं. आईने झटकन बॅगेवर हात ठेवला, कारण वरच्याच थरात चिवडा, मेतकूट आणि लसणाच्या चटणीची बरणी होती.

जहाजावर प्रत्येकाच्या बिल्ल्यावर नावाखाली देशाचं नाव असतं. खोली आवरणारा अटेंडंट इंडोनेशियाचा होता. पहिल्याच संध्याकाळी त्याने टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवला. आईने त्याला गणपती समजून नमस्कार केला आणि चार दिवस मोडू दिला नाही. बटलरच्या बिल्ल्यावर मात्र ‘इंडिया’. आईने लगेच चौकशी सुरू केली.

‘मी वेंगुर्ल्याचो, काकू.’

‘अरे, माझा माहेर कुडाळ! मगे तू आमचोच!’

झालं. त्यानंतर मी ‘ताई’ झाले, बाबा ‘काका’ झाले आणि रोज चार वाजता आईसाठी आलं घातलेला चहा यायला लागला. ते आलं तो खाली गॅलीतून मागून आणायचा. बाबांचा पांढरा शर्ट इस्त्रीला गेला तो खोक्यातून काढल्यासारखा कडक होऊन परत आला. बाबा कॉलरवरून बोट फिरवत म्हणाले, ‘आपल्या इस्त्रीवाल्याला दाखवायला हवा.’

ही कसली ग्रॅच्युइटी?

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी टीव्हीवर आमचं खातं उघडलं. रिटायर्ड बँकवाला, सवय जाते का! ‘हे काय? ग्रॅच्युइटी? ती मला रिटायर झालो तेव्हाच मिळाली. हे लोक माझ्याकडून का घेतायत?’

तुम्हीही पहिल्यांदाच जाणार असाल तर हे नीट वाचा. बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्या माणशी, दर दिवशी एक ठरलेली रक्कम ग्रॅच्युइटी किंवा सर्व्हिस चार्ज म्हणून खात्यावर लावतात. साध्या केबिनला ती साधारण १६ ते २० अमेरिकन डॉलर असते. स्वीटला त्याहून दोन ते पाच डॉलर जास्त, कारण तिथे दिमतीला माणसं जास्त. बोली लावून स्वस्तात वर चढलात तरी सहसा दर स्वीटचाच लागतो. इथे सूट नाही! आमचं गणित तीन माणसं, चार रात्री आणि वीस डॉलर. म्हणजे २४० डॉलर. रुपयांत वीस हजारांच्या वर.

पूर्वी हे असं नव्हतं. शेवटच्या रात्री केबिनमध्ये पाकिटं ठेवलेली असायची. त्यात रोख रक्कम घालून तुम्ही आपल्या ठरलेल्या वेटरला आणि केबिनवाल्याला द्यायची. पुढे जहाजावर दहा-दहा रेस्टॉरंटं झाली, रोज नवा वेटर यायला लागला. मग पाकीट द्यायचं कुणाला? २०००नंतर हळूहळू बहुतेक कंपन्यांनी ही रक्कम थेट खात्यावर लावायला सुरुवात केली. बऱ्याच ठिकाणी ती कमी-जास्त करायची किंवा काढून टाकायची मुभा प्रवाशाला असते. गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जायचं आणि सांगायचं, बस्स.

आणि तिथेच मी माती खाल्ली.

‘बाबा, टेन्शन नॉट,’ मी म्हटलं. ‘हे काढून टाकू आणि आपल्या दोघांना थेट कॅश देऊ. बटलरला साठ डॉलर, अटेंडंटला चाळीस. त्यांना पूर्ण पैसे मिळतील आणि आपले वाचतील.’ मी एमबीए आहे, बरं का. मला हे सॉलिड विन-विन वाटलं होतं.

काउंटरवर माझ्यापुढे पाच-सहा जण होते, त्यातले दोन-तीन याच कामासाठी आलेले. समोरच्या मुलीने कारणसुद्धा विचारलं नाही. हसली, काही बटणं दाबली, ‘एनिथिंग एल्स?’ म्हणाली. दोन मिनिटांत २४० डॉलर गायब.

ताईची मॅडम झाली

चार वाजता चहा आला. मी मोठ्या उत्साहात बटलरला बातमी दिली, ‘आम्ही ते कापलेले पैसे काढून घेतले. आता जे काही देणार ते थेट तुम्हालाच!’

त्याचं हसू तसंच राहिलं. त्याने किटलीचं तोंड उगाच सरळ केलं आणि म्हणाला, ‘थँक यू, मॅडम.’

मॅडम. तीन दिवसांत पहिल्यांदाच. माझ्या काही लक्षात आलं नाही, पण आईच्या आलं. ‘काय झालं रे बाळा? बस बघू जरा.’ बसणं त्याच्या नियमात नव्हतं. तो उभाच राहिला. बोलायलाही तयार नव्हता. आईने तीनदा विचारल्यावर बोलला.

‘काकू, पाहुण्याने ग्रॅच्युइटी काढली तर त्याने हातात दिलेली कॅश आमच्या जहाजावर पूलमध्ये जमा करावी लागते. ती ठेवून घेणं नियमात नाही. आणि आम्ही जमा करतो पण. माझ्या खोलीत वरच्या बंकवर झोपणारा मुलगा लाँड्रीत आहे. काकांचा शर्ट त्यानेच केला. तो पाहुण्यांना कधी दिसतच नाही, ताई. त्याला पाकीट कोण देणार?’

पुढे थोडं थोडं कळत गेलं. तो नऊ वर्षं जहाजावर आहे. सुरुवात गॅलीत भांडी घासण्यापासून. कॉन्ट्रॅक्ट सात महिन्यांचं, त्यात एकही रविवार नाही. मुलाचं बारसं त्याने व्हिडिओवर पाहिलं. समुद्रावर कामाचे तास कसे असतात, हे मी नंतर वाचून काढलं. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन हा आंतरराष्ट्रीय करार २००६चा, अमलात आला २०१३मध्ये. त्यात विश्रांती किती हवी ते लिहिलंय, २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास. आठवड्याचे तास १६८. उरलेल्या ९१ तासांचा हिशेब तुम्हीच करा. शनिवारी लॉगिन करावं लागलं म्हणून मी इथे ग्रुपवर रडत असते!

तुमच्या-माझ्या भाषेत सांगायचं तर ही ग्रॅच्युइटी म्हणजे त्यांच्या सीटीसीतला व्हेरिएबल. नोकरी देतानाच तो पगारात धरलेला असतो. आता कल्पना करा, तुमचा क्लायंट एके दिवशी रिसेप्शनवर आला, हसत हसत दोन मिनिटांत तुमचा व्हेरिएबल काढून टाकला आणि वर तुम्हाला येऊन म्हणाला, ‘त्यातले थोडे मी तुम्हाला हातात देईन हं.’ मी नेमकं हेच केलं होतं. तेही ‘आपला माणूस’ म्हणून.

टोटल चुकली

बटलर गेल्यावर बाबा बराच वेळ बाल्कनीत बसून राहिले. मग आईला म्हणाले, ‘आपण दिवाळीला पोस्त कुणाकुणाला देतो गं?’

आई बोटांवर मोजायला लागली. वॉचमन, पोस्टमन, दूधवाला, कचरा नेणारी बाई.

‘म्हणजे बेल वाजवतात त्यांनाच,’ बाबा म्हणाले. ‘रात्री गटार साफ करून जातो त्याला कधी दिली आपण? तो बेल वाजवत नाही.’

रात्री दहा वाजता बाबा शर्ट घालून काउंटरवर गेले. मी मागे होतेच. सकाळचीच मुलगी होती. बाबांनी आपल्या बँकेच्या इंग्रजीत सांगितलं, ‘मॅडम, सकाळी आमची टोटल चुकली. काढलेली रक्कम पुन्हा लावा. पूर्ण.’ ती या वेळीही हसली, पण सकाळसारखं नाही.

खरं सांगते, मला लाज वाटली ती पैशांची नाही. २०२०च्या फेब्रुवारीत ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज करोनामुळे जपानमध्ये योकोहामाला अडकलं होतं, आठवतंय? त्यावर १३८ भारतीय होते. त्यातले प्रवासी फक्त सहा, बाकी १३२ जण क्रू. आपल्यासाठी क्रूझ ही नवी हौस आहे. पण गोव्याच्या आणि कोकणच्या कितीतरी घरांत जहाज म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची नोकरी. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोवेकर दर्यावर्दींचे जुने कूड आहेत, ते त्यासाठीच. म्हणजे जहाजावर आपली माणसं आपल्या आधी पोचली होती, पाणी रेषेच्या खालच्या मजल्यांवर. आपण आता वरच्या मजल्यावर राहायला आलोय, एवढंच.

दोन पाकिटं, एक कार्ड

शेवटच्या सकाळी आम्ही ठरलेली पाकिटं दिलीच, पण आता ग्रॅच्युइटीच्या वर. ग्रॅच्युइटी शाबूत असली की वरची कॅश ज्याची त्याला ठेवता येते, असं बटलरनेच सांगितलं होतं. शिवाय आईने दोघांनाही चिवड्याचं एकेक पाकीट दिलं. इंडोनेशियाच्या मुलाने ते दोन्ही हातांनी घेतलं. बटलर म्हणाला, ‘काकू, आता एकदा येवा वेंगुर्ल्याक.’ आणि माझ्याकडे वळून, ‘ताई, तुम्ही पण.’

बाबा तोवर अभिप्रायाच्या कार्डावर वाकून बसले होते. लोन मंजूर करावं तसं एकेक वाक्य तोलून लिहीत होते. या कार्डांवर नाव आलं तर क्रूला त्याचा पुढे उपयोग होतो, हे कळल्यापासून त्यांनी ते फारच मनावर घेतलं होतं. बटलरचं नाव झालं, अटेंडंटचं झालं. मग पेन थांबलं.

‘त्या लाँड्रीतल्या मुलाचं नाव काय रे?’ त्यांनी बटलरला विचारलं. त्याने सांगितलं. बाबांनी स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं आणि लिहिलं, ‘याने माझा पांढरा शर्ट उत्तम केला.’

टिप्स ऑन टिप

• बुकिंग करतानाच विचारा, ग्रॅच्युइटी भाड्यात धरलेली आहे की रोज लागणार? सिल्वरसी, सीबोर्न, रीजंट अशा आलिशान कंपन्यांच्या भाड्यात ती आधीच असते. रोज लागणार असेल तर ती ट्रिपच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरा.

• बटलर आणि कॉन्सिएर्ज या पूलमध्ये येतात का, हे जरूर विचारा. काही कंपन्यांत येतात, काहींत नाही. नसतील तर त्यांची टीप पूर्णपणे तुमच्या हातात.

• बटलरला वरची रक्कम किती? सक्ती नाही. नेहमी स्वीटने फिरणारे बरेच जण सगळ्या स्वीटचे मिळून दिवसाला पाच-दहा डॉलर किंवा जास्त देतात. तुम्ही त्याला किती कामाला लावलंत, त्यावर ठरवा.

• खोलीच्या अटेंडंटला विसरू नका. बटलर चहा आणतो, पण बाथरूम घासतो तो अटेंडंट.

• बारमध्ये बिलावर बहुतेक ठिकाणी १८ ते २० टक्के आधीच लागलेले असतात. सही करण्याआधी बघा, नाहीतर दुप्पट टीप जाईल.

• नोटाच द्या, चिल्लर नको. परदेशी नाणी क्रूला बदलून घेता येत नाहीत. सुटे डॉलर मुंबईहूनच न्या.

• कॅप्टन, डॉक्टर, अधिकारी यांना टीप देत नाहीत. ‘थँक यू’ पुरे.

• सेवा खरंच वाईट होती? मग तिथेच, त्याच दिवशी तक्रार करा. शेवटच्या रात्री ग्रॅच्युइटी काढून टाकलीत तर त्याची शिक्षा भलत्यालाच होते.

• आपला मराठी माणूस भेटला तर गप्पा जरूर मारा, पण त्याला ड्युटी आहे हे विसरू नका. आणि त्याच्याकडे डिस्काउंट मागू नका, प्लीज!