गाडी जुंपण्याआधी बैलाचा श्वास, नाडी आणि ताप पाहा



ट्रॅक्टर वाढले तरी अडचणीच्या रानातला, ओढ्यापलीकडचा ऊस अजून टायरगाडीनेच निघतो. जोडीतला एक बैल आजारी पडला की दुसराही दावणीला उभा राहतो. गाडीवानाची मजुरी बुडते, घेतलेली उचल फिटत नाही आणि तोडलेला ऊस फडात वाळतो. वाळलेल्या उसाचे वजन घटते, साखरही घटते. म्हणजे नुकसान गाडीवानाचे, तसेच ऊसवाल्या सभासदाचेही.

जनावर मुके खरे, पण त्याचे शरीर बोलते. ते समजायला घड्याळ, थर्मामीटर आणि दहा मिनिटे पुरेत. तपासणी पहाटे, जुंपण्यापूर्वी करावी. कामावरून आलेल्या बैलाचे सगळे आकडे वाढलेलेच असतात. त्याला आधी तासभर सावलीत विसावू द्यावे.

श्वास : हा सर्वांत आधी, अंगाला हात लावण्यापूर्वी मोजावा. चार पावले लांब उभे राहून भकाळी पाहा. ती एकदा वर आली आणि खाली गेली की एक श्वास. निवांत बैलाचे मिनिटाला १० ते ३० श्वास होतात.

नाडी : शेपटीच्या खालच्या अंगाला, बुडापासून चार-पाच बोटे खाली, मधोमध दोन बोटे हलकी दाबून धरा. अंगठा लावू नका, त्याची स्वतःचीच नाडी लागते. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. मोठ्या बैलाची नाडी साधारण ५० ते ८० असते. ज्यांच्याकडे घोडा आहे त्यांनी ध्यानात ठेवावे, की घोड्याची नाडी जबड्याच्या खालच्या कडेला पाहतात आणि ती २८ ते ४४ असते. एकाचे माप दुसऱ्याला लावू नये.

ताप : थर्मामीटरला दोरी बांधा, टोकाला गोडे तेल लावा. बैलाच्या मागे उभे न राहता बाजूला उभे राहा. शेपूट उचलून थर्मामीटर गुदद्वारात दोन-तीन इंच सरकवा आणि थोडा तिरपा करून आतल्या कडेला टेकवा. नुसता शेणात राहिला तर आकडा कमी दाखवतो. दोन मिनिटांनी काढा. माणसाला १०२ अंश म्हणजे चांगला ताप. बैलाला मात्र १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे नेहमीचेच आहे. म्हणून नुसता कानाला हात लावून अंदाज बांधू नये.

रवंथ : डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरा. दोन मिनिटांत दोन-तीनदा आतून लाट आल्यासारखी मूठ उचलली जाते. लाट येत नसेल, बैल रवंथ करत नसेल आणि नाक कोरडे असेल, तर काहीतरी बिघडले आहे.

आता निर्णय. विसाव्यानंतरही ताप १०३ च्या वर असेल तर त्या दिवशी जुंपू नका. २०२२ साली लम्पी पसरला तेव्हा अंगावर गाठी उठण्याआधी पुष्कळ जनावरांना तापच आला होता. ताप जास्त, घशाला सूज आणि श्वास घरघरणारा असेल तर घटसर्पाची शंका घ्या. तेथे तासांचा हिशेब असतो. उलट, ताप १०० च्या खाली आणि कान गार, हेही तितकेच वाईट लक्षण. भकाळी फुगून बैल धापा टाकत असेल तर बाटलीने काहीही पाजू नका; ते फुप्फुसात जाते. ताबडतोब डॉक्टरांना बोलवा किंवा पशुसंवर्धन खात्याच्या १९६२ या क्रमांकावर फोन करा.

बैल निरोगी असतानाच चार दिवस हे आकडे वहीत लिहून ठेवा. प्रत्येक जनावराचे माप थोडे वेगळे असते. आपल्या बैलाचे नेहमीचे माप ठाऊक असले, तरच बिघाड वेळेवर कळतो. डॉक्टरांनाही "बैल सुस्त आहे" यापेक्षा "ताप १०४, नाडी ९६" असे सांगितले तर उपचाराची दिशा लवकर ठरते.

— ऊस विकास अधिकारी