घड्याळाशी शर्यत



सायकलची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. शिट्टी वाजते, पन्नास-साठ सायकली एकदम सुटतात, आणि जो आधी पोचतो त्याच्या गळ्यात हार पडतो. आज ज्या शर्यतीविषयी बोलायचे आहे ती याहून निराळी आहे. तीत स्पर्धक एकेकटा निघतो. एक गेला की मिनिटाने दुसरा, आणखी एका मिनिटाने तिसरा. दुसऱ्याच्या पाठीमागे राहून त्याचा आडोसा घेण्यास मनाई असते. ठरलेले अंतर ज्याने कमीत कमी वेळात कापले तो पहिला. इंग्रजीत हिला टाइम ट्रायल म्हणतात. आपण तिला घड्याळाशी शर्यत म्हणू.

या शर्यतीचा जन्म इंग्लंडात झाला. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलस्वारांचे घोळके रस्त्याने धावू लागले, घोडागाड्यांचे घोडे बुजू लागले, आणि पोलिसांची वक्रदृष्टी वळली. तेव्हा एफ. टी. बिडलेक नावाच्या गृहस्थाने तोड काढली, की सगळ्यांनी एकदम धावूच नये. 1895 साली त्याच्या क्लबाने पन्नास मैलांची अशी पहिली शर्यत भरवली. पुढे कित्येक वर्षे तेथील स्वार भल्या पहाटे, डोळ्यांत भरू नये म्हणून काळा पोशाख घालून निघत. रस्ता सर्वांचा आहे, आपण त्यावरचे पाहुणे आहोत, ही जाणीव या खेळात सुरुवातीपासूनच आहे.

आपल्या भंडारा जिल्ह्याला हा खेळ साजतो. त्याला बांधीव धावपट्टी लागत नाही. वैनगंगेच्या काठचा आपला मुलूख बहुतेक सपाट, धानाच्या बांध्यांमधून जाणारे सरळ रस्ते, आणि तलावांच्या पाळीवरची मोकळी हवा. किलोमीटरचे दगड पाहून दहा किलोमीटर जाणे व दहा किलोमीटर येणे एवढे अंतर ठरवावे, खिशातल्या फोनवर वेळ मोजावी, की शर्यत उभी राहिली. आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत एकट्याने पार करण्याची शर्यत बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. ते अंतर सुमारे 4,800 किलोमीटर होते. त्या शर्यतीतही स्वार एकेकटा सुटतो आणि कोणाचा आडोसा घेऊ शकत नाही. आपल्या वीस किलोमीटरांचीच ती थोरली बहीण आहे.

परंतु येथे आपला तरुण अडतो. तो म्हणतो, “शर्यतीची सायकल लाखाच्या घरात जाते. माझ्याजवळ ती नाही, मग मी उतरून काय करू?” कोणी हप्त्यावर महागडी सायकल घेतो, आणि वेळ फारशी कमी झाली नाही म्हणून वर्षभरात ती भिंतीला टेकवून ठेवतो. हे दोन्ही मार्ग चुकीच्या समजुतीतून निघतात. ती समजूत अशी, की वेग सायकलीत असतो. तो कोठे असतो ते पाहू.

सपाट रस्त्यावर जोराने जाणाऱ्या स्वाराला मुख्यतः वारा अडवतो. वेग वाढला की हा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्याला तोंड देण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ताशी 24 किलोमीटरवरून 30 वर जायचे, म्हणजे वेग सव्वापट करायचा, तर वाऱ्यापायी खर्च होणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. आता हा वारा अडतो कशावर? त्यातला तीनचतुर्थांश भाग अडतो तो स्वाराच्या छातीवर, खांद्यांवर, डोक्यावर आणि फडफडणाऱ्या सदऱ्यावर. सायकलीच्या वाट्याला उरलेला चौथा भाग येतो. उलट, सायकलीचे वजन दोन किलोंनी कमी केले, तर सपाट रस्त्यावर शंभरात एका भागाइतकेही श्रम वाचत नाहीत. हलकेपणाचा खरा उपयोग घाटात होतो, आणि घाट आपल्याकडे फारसे नाहीत. तेव्हा पहिली सुधारणा आपल्या बैठकीत करायची. तिला पैसा पडत नाही.

बैठक कशी असावी? आधी सीटची उंची पाहावी. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल अगदी खाली आले, की पाय सरळ झाला पाहिजे. मग पायाचा चवडा पायडलवर ठेवला म्हणजे गुडघ्यात थोडा बाक राहतो. आपल्याकडे बहुतेक मुले सीट फार खाली ठेवतात. त्यामुळे मांडीचे बळ पुरते लागत नाही आणि गुडघे दुखू लागतात. त्यानंतर हँडल हळूहळू खाली आणावे, कोपरे आत घ्यावीत, पाठ आडवी करावी आणि मान दोन खांद्यांच्या मध्ये घ्यावी. अंगाशी बसणारा सदरा घालावा. ताठ बसलेल्या स्वाराच्या मानाने नीट वाकलेल्या स्वाराला वारा जवळजवळ निम्माच अडवतो. पण हे एका दिवसात साधू नये. पंधरा दिवसांनी अर्धा इंच, या बेताने हँडल उतरवावे; नाहीतर पाठ आणि मान तक्रार करतील. आणि कितीही वाकले तरी नजर पुढच्या रस्त्यावरच हवी.

बैठकीचे महत्त्व पटवणारा एक दाखला 1989 सालच्या फ्रान्सच्या महाशर्यतीत मिळतो. तीन हजारांहून अधिक किलोमीटर झाल्यावर अखेरच्या दिवशी 24.5 किलोमीटरची घड्याळाशी शर्यत उरली होती. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा फ्रान्सच्या लोराँ फिन्याँच्या 50 सेकंद मागे होता. लेमाँडने हँडलवर कोपरे टेकवण्याचे दांडे बसवले होते आणि वारा कापणारे शिरस्त्राण घातले होते. फिन्याँ बोडक्या डोक्याने, साध्या हँडलवर निघाला. सगळी शर्यत लेमाँडने 8 सेकंदांनी जिंकली. सारे श्रेय त्या दांड्यांचे नव्हे. पायांतले बळ त्याचेच होते. तथापि बैठक केवढे काम करते, ते त्या दिवशी जगाने पाहिले.

आता साधनांचा क्रम सांगतो. पैसा थोडा असेल तर तो याच क्रमाने खर्चावा. सर्वांत आधी हेल्मेट आणि ब्रेक. ब्रेकच्या रबरी गुटक्या झिजल्या असतील तर त्या बदलल्याखेरीज वेगाचा विचारही करू नये. दुसरे, टायर. टायरच्या बाजूवर हवेचा दाब छापलेला असतो. त्या मर्यादेत हवा ठेवावी. कमी हवा म्हणजे प्रत्येक फेऱ्याला दंड. पण रस्ता खडबडीत असेल तर टायर दगडासारखा कडकही करू नये, कारण मग सायकल उडते आणि ते श्रम वाया जातात. तिसरे, चेन. ती पुसून तेल द्यावे आणि वरचे तेल पुन्हा फडक्याने टिपावे. चाके उचलून फिरवावीत. रिम ब्रेकला घासत असेल तर कारागिराकडून स्पोक ताणून घ्यावेत. चौथे, कोपरे टेकवण्याचे दांडे. ते वेगळे विकत मिळतात. मात्र घोळक्याच्या शर्यतीत त्यांना मनाई असते. हलकी चाके त्यानंतर, आणि नवी सायकल अगदी शेवटी. जुनी घ्यायची झाल्यास आधी आपल्या मापाची आहे की नाही ते पाहावे. मग चिमट्याला आणि सांध्यांना चीर नाही ना, हे उजेडात तपासावे. स्वस्त पण मोठ्या मापाची सायकल कायमची अडचण होते.

घरातल्या काळ्या सायकलीचा हिशोबही करून पाहा. तिला बहुधा पुढे 44 आणि मागे 18 दाते असतात. चाकाच्या एका फेऱ्यात सुमारे सव्वादोन मीटर, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात जवळजवळ साडेपाच मीटर अंतर जाते. मिनिटाला 80 फेरे मारले तर ताशी 26 किलोमीटर, आणि 90 मारले तर ताशी 29 च्या वर. वीस किलोमीटर ही चाल टिकवणे खायचे काम नाही. तेव्हा पहिल्या वर्षी “मला गिअर कमी पडतो” ही तक्रार करण्याची वेळच सहसा येणार नाही.

यापुढचा भाग अकलेचा. बहुतेक नवशिके पहिल्या पाच मिनिटांतच शर्यत हरतात. समजा, एकाने जाताना दहा किलोमीटर ताशी 36 च्या वेगाने कापले आणि येताना थकून 24 वर आला. त्याला वाटेल, सरासरी 30 पडली. पण जाण्यास 16 मिनिटे 40 सेकंद व येण्यास 25 मिनिटे, म्हणजे एकूण 41 मिनिटे 40 सेकंद झाली. जो सबंध वाट ताशी 30 ने गेला त्याला 40 मिनिटेच लागली. उधळपट्टी करणाऱ्याने 1 मिनिट 40 सेकंद गमावले, आणि दमला तो जास्त. म्हणून पहिली पाच मिनिटे “मी फार सावकाश जातो आहे” असे वाटेल इतपतच जोर लावावा. समोरून वारा असेल तेव्हा थोडा अधिक जोर द्यावा आणि पाठीमागून असेल तेव्हा थोडा राखावा, कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो.

तयारीला आठ आठवडे पुरतात. रोवणीच्या दिवसांत शेतावर राबणाऱ्याने वेगळी मेहनत करू नये. आपला खरा हंगाम धान निघू लागले की थंडीत येतो. पहिले तीन आठवडे आठवड्यातून चार दिवस, गप्पा मारता येतील अशा चालीने तास-दीड तास सायकल चालवावी. पुढचे चार आठवडे त्यांतल्या एका दिवशी पाच मिनिटे जोराने व पाच मिनिटे सावकाश, असे चार-पाच वेळा करावे. आणि एका दिवशी शर्यतीच्या चालीने आठ-दहा किलोमीटर जावे. शेवटच्या आठवड्यात श्रम निम्मे करावेत. विश्रांती हाही तयारीचाच भाग आहे. रोजची वेळ, वारा आणि झोप वहीत टिपून ठेवावी. महागड्या यंत्रांनी आज शक्तीही मोजता येते, पण प्रामाणिकपणे लिहिलेली वही पुष्कळ शिकवते.

शर्यतीच्या आधी दोन-अडीच तास पोहे किंवा भात-वरण असे सवयीचे हलके खावे. त्या दिवशी नवा पदार्थ नको. सुटण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे सायकल चालवून अंग तापवावे. आपल्या उन्हाविषयी मात्र कडक शब्दांत सांगितले पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांकडे जातो. त्या दिवसांत उजाडताच बाहेर पडून ऊन चढण्यापूर्वी घरी यावे, आणि लिंबू, मीठ व साखर घातलेले पाणी बरोबर ठेवावे. उन्हात अंगावर शहारे आले, डोके फिरू लागले किंवा बोलणे तुटू लागले तर तत्काळ थांबावे, सावलीत जावे, अंगावर पाणी घ्यावे आणि डॉक्टरला गाठावे. उष्माघाताशी शर्यत लावू नये. ती कोणी जिंकत नाही.

शर्यत भरवणाऱ्या मंडळांना दोन शब्द. आपल्या गावावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग, जो पूर्वी 6 क्रमांकाचा होता आणि आता 53 आहे, तो जड वाहनांचा रस्ता आहे. त्यावर शर्यत नको. आडवाटेचा, डांबर धड असलेला रस्ता निवडावा. पोलिसांची रीतसर परवानगी घ्यावी. परतीचे वळण दुरून दिसेल अशा जागी ठेवून तेथे दोन माणसे उभी करावीत. थंडीत नदीकाठी धुके असेल तर ते विरेपर्यंत कोणालाही सोडू नये. आणि मुलींसाठी वेगळा, मानाचा वर्ग ठेवावा.

मुलींचे नाव घेतले ते उगाच नव्हे. इंग्लंडात बेरिल बर्टन नावाची एक स्त्री होती. यॉर्कशरमध्ये ती शेतावर मजुरीचे काम करी, आणि हौस म्हणून सायकल चालवी. 1967 साली तिने बारा तासांत 277.25 मैल, म्हणजे सुमारे 446 किलोमीटर अंतर तोडले. त्या दिवशी पुरुषांत पहिला आलेला स्वार नवा विक्रम करीत होता. त्यालाही तिने वाटेत मागे टाकले. स्त्रियांत तिचा हा आकडा पन्नास वर्षे कोणाला ओलांडता आला नाही. शेतात वाकून काम करणारे हात आणि पाठ आपल्या जिल्ह्यातही काही थोडी नाहीत.

या खेळात दुसऱ्याला पाडावे लागत नाही. चाळिसाव्या नंबराने आलेल्या मुलाची वेळ गेल्या महिन्यापेक्षा दोन मिनिटांनी कमी असेल, तर तो जिंकूनच घरी जातो, आणि ती वेळ त्याच्याकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही. तेव्हा पालकांनो, मुलाने लाखाची सायकल मागितली तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. घरातली सायकल दुरुस्त करून द्या, सीट योग्य उंचीवर बसवा, एक वही द्या, आणि आठ आठवड्यांनी ती वही उघडून पाहा. नवी सायकल घ्यायची की नाही, याचे उत्तर त्या पानांवर लिहिलेले असेल.