लिनोचित्रें आणि कातरकाम

कचेरीच्या किंवा दवाखान्याच्या जमिनीवर पसरलेलें गुळगुळीत लिनोलियम पुष्कळांनीं पायांखालीं घातलेलें असतें. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज संशोधकानें १८६३ सालीं त्याचें पेटंट घेतलें, तें जमीन झांकण्यासाठींच. हवेनें घट्ट केलेलें जवसाचें तेल, राळ आणि बुचाचा चुरा यांचें मिश्रण तागाच्या कापडावर दाबून तें तयार करतात. त्याचें नांवही जवस आणि तेल या अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांनीं बनलेलें आहे. ही पायांखालची वस्तु पुढें चित्रकाराच्या मेजावर आली, आणि छापचित्रांच्या कलेंत तिनें आपलें स्वतंत्र स्थान मिळविलें.

या कलेचें मूळ तत्त्व सोपें आहे. जो भाग कोरून काढावा तो कागदावर कोरा राहतो. जो राखावा तो शाई घेऊन उमटतो. ठशाची उजवी बाजू कागदावर डावी होत असल्यामुळें चित्र प्रथम उलटें काढावें लागतें, आणि अक्षरें असल्यास तींही आरशांत दिसावीं तशीं कोरावीं लागतात. बारीक रेषांसाठीं टोकदार खोबणीची आणि मोठी जागा मोकळी करण्यासाठीं रुंद खोबणीची कोरणी वापरतात. लांकडाप्रमाणें लिनोलियमला तंतु नसतात. त्यामुळें कोरणी हवी त्या दिशेस वळते. थंडींत तें कडक झालें, तर थोडें ऊन दाखवून मऊ करतात. ठसा धरणारा हात कोरणीच्या पुढें कधींही येऊं द्यावयाचा नाहीं, हा येथील पहिला धडा. तो विसरणाऱ्यास कोरणीच त्याची आठवण करून देते. कोरणें संपल्यावर कांचेवर शाई पसरून ती रुळानें ठशावर चढवितात, वर कागद ठेवतात आणि दाबयंत्रांतून काढतात. यंत्र नसेल तर चमच्याच्या पाठीनें कागद घांसूनही चित्र उमटतें.

कातरकाम हें या कलेचें भावंडच होय. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या कातरणाऱ्या मुलास त्याची तोंडओळख असते. मथुरेच्या सांझी कलेंत कातरलेल्या कागदाच्या सांच्यांतून कोरडे रंग सोडून कृष्णलीलेचीं दृश्यें रेखाटतात. फ्रेंच चित्रकार मातीस यांनीं १९४१ मधील मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रंगविलेले कागद कातरून चित्रें रचण्याचा मार्ग धरला, आणि १९४७ मध्यें त्यांचें ‘जाझ’ हें पुस्तक त्याच कातरकामावरून निघालें.

एकच कलावंत ही दोन्हीं कामें करूं लागला, म्हणजे त्यांच्यांतील एक महत्त्वाचा भेद त्याच्या ध्यानांत येतो. पांढऱ्या चेहऱ्यांतील काळा डोळा लिनोच्या ठशावर एकटा राहूं शकतो, कारण तागाचें कापड त्यास मागून धरून ठेवतें. काळ्या कागदांतून तोच चेहरा कातरला, तर तो डोळा खालीं गळून पडेल. म्हणून कातरकाम करणारा डोळा भुंवईस आणि भुंवई केसांस जोडून घेतो. अशा जोडांवांचून चित्र उभेंच राहत नाहीं. आणि ते जोड मुद्दाम ठेवलेले आहेत असें पाहणाऱ्यास वाटूं न देणें, यांत कारागिराचें कौशल्य असतें.

दुरुस्तीस मात्र दोहोंतही फारसा वाव नाहीं. तैलचित्रांतील चूक रंगाचा दुसरा थर देऊन झांकतां येते. कोरलेली रेषा परत भरून येत नाहीं. एकाच ठशावरून अनेक रंग छापण्याच्या रीतींत तर हें अधिकच कठीण होतें. प्रथम फिकट रंग छापावयाचा, मग तोच ठसा आणखी कोरून त्यावर गडद रंग चढवावयाचा. १९५९ च्या सुमारास पिकासो यांनीं दक्षिण फ्रान्समध्यें या रीतीनें अनेक चित्रें केलीं. शेवटचा रंग छापेपर्यंत पहिल्या रंगाचा ठसा नष्ट झालेला असतो. त्यामुळें किती प्रती हव्यात, हें आरंभींच ठरवावें लागतें, आणि बिघडणाऱ्या कागदांचा हिशेबही त्यांतच धरावा लागतो.

प्रतींची ही संख्या कलावंताच्या उपजीविकेशींही निगडित असते. लिनोचित्र स्वस्तांत आणि पुष्कळांसाठीं छापतां येतें, हें त्याचें बळ आहे. नंदलाल बोस यांनीं दांडीयात्रेच्या निमित्तानें १९३० सालीं काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचें चित्र लिनोवरच कोरलें. काळ्या पार्श्वभूमीवरील थोड्या पांढऱ्या रेषांची ती आकृति आजही लोकांच्या ओळखीची आहे. १९४६ च्या सुमारास मुंबईंत येऊन राहिलेले बंगाली चित्रकार चित्तप्रसाद यांनीं अंधेरीच्या लहानशा घरांतून कष्टकरी माणसांचीं आणि मुलांचीं लिनोचित्रें काढलीं. तीं सामान्य जनांच्या हातीं पडावींत असा त्यांचा हेतु होता. सही आणि क्रमांक घालून तीं दुर्मिळ करण्याचा नव्हता. त्यांच्या पश्चात् त्याच चित्रांना संग्राहकांनीं मोलाच्या वस्तु मानिलें.

आज या कलेवर जगणाऱ्या माणसापुढें हाच पेंच असतो. चित्राखालीं ५/३० असा क्रमांक घालून, तीस प्रती पुऱ्या होतांच ठशावर आडवी रेघ कोरून तो निकामी केला, तर प्रत्येक प्रतीस बरी किंमत येते आणि घरखर्च चालतो. ठसा राखून लागेल तेवढें छापलें, तर चित्र अधिक घरांत पोंचतें. परंतु अनेक दिवसांच्या श्रमांचा मोबदला हातीं थोडाच पडतो. दोन्हीं मार्ग प्रामाणिक आहेत. तीस सांगून एकतिसावी प्रत काढणें मात्र प्रामाणिक नाहीं. म्हणून अशा चित्राखालचा तो लहानसा पेन्सिलीचा आंकडा घेणाऱ्यानें अवश्य वाचावा. त्यांत किमतीबरोबर चित्रकारानें दिलेला शब्दही लिहिलेला असतो.