हंग लिऊचे ओघळ

हंग लिऊ १९८४ साली कॅलिफोर्नियात उतरली तेव्हा छत्तीस वर्षांची होती. बीजिंगच्या केंद्रीय ललित कला अकादमीत भित्तिचित्रण शिकलेली, समाजवादी वास्तववादाच्या पठडीत हात पक्का झालेला. सॅन दिएगोच्या विद्यापीठात गाठ पडली ‘हॅपनिंग’वाल्या, म्हणजे घडणाऱ्या प्रसंगालाच कला मानणाऱ्या ॲलन काप्रोशी. हुबेहूब रेखाटनाचं अप्रूप तिथे कुणाला असणार?

जन्म १९४८चा, चांगचुनचा. वडील कम्युनिस्टांविरुद्ध लढणाऱ्या कुओमिन्तांगच्या फौजेत. ती तान्ही असतानाच ते कैदेत गेले. सांस्कृतिक क्रांतीत जुने फोटो जवळ असणंही धोक्याचं होतं. अनेक घरांनी ते नष्ट केले, तिच्या घरानेही. १९६८पासून चार वर्षं तिची रवानगी शेतावर झाली. तिथे मित्राने सांभाळायला दिलेल्या कॅमेऱ्याने ती गावकऱ्यांचे फोटो काढत राहिली.

१९८८मध्ये तिने स्वतःचं ग्रीन कार्ड भलंमोठं करून रंगवलं. कार्डावर नाव ‘फॉर्च्युन कुकी’, जन्मसाल १९८४! ही बिस्किटं खुद्द चीनमध्ये कुणी खात नाही, ती अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांची. विनोद बोचरा आहे. तरी मला तिची त्यानंतरची चित्रं जास्त मोलाची वाटतात.

१९९१मध्ये बीजिंगला गेली असताना तिला विसाव्या शतकाच्या आरंभीचे वेश्यांचे फोटो सापडले. गिऱ्हाइकांसाठी सजवून बसवलेल्या, नाव-गाव नसलेल्या बायका. तिने त्या मोठ्या कॅनव्हासवर नेमक्या उतरवल्या आणि वरून जवसाचं तेल ओतलं. रंग ओघळले, चेहरे पुसट झाले. अकादमीने शिकवलेलं सगळं आधी वापरायचं, मग वाहू द्यायचं. याला नुसती शैली म्हणणं अपुरं आहे. शिकवणुकीशी घातलेला तो वाद आहे.

१९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात तिने रेल्वेरुळांवर दोन लाख फॉर्च्युन कुकींचा डोंगर रचला. रूळ टाकणाऱ्या चिनी मजुरांची ती आठवण. त्याच वर्षी नानजिंगजवळच्या श्रमछावणीत वडील भेटले, जवळपास सेहेचाळीस वर्षांनी.

२०१५च्या सुमारास ती छायाचित्रकार डोरोथिया लँगच्या फोटोंकडे वळली: महामंदीतले अमेरिकन स्थलांतरित, धुळीने देशोधडीला लावलेले. त्यांच्यात चिनी कुणी नव्हतं, पण शेतावरची दमणूक तिच्या ओळखीची होती. ‘दोन संस्कृतींमधली चित्रकार’ हे लेबल इथे तोकडं पडतं.

२०१९मध्ये बीजिंगला तिचं मोठं प्रदर्शन ठरलं होतं. चिनी अधिकाऱ्यांनी चित्रं आणायला परवानगी नाकारली आणि ते रद्द झालं. ७ ऑगस्ट २०२१ रोजी ती ओकलंडमध्ये वारली. वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतलं तिचं प्रदर्शन २७ ऑगस्टला उघडलं. आशियाई-अमेरिकन स्त्रीचं तिथलं ते पहिलं एकल प्रदर्शन.